मन्याची टोपली

शास्त्रवाचन : मार्क ७:३१–३७



आपल्या पवित्र शास्त्रात मेंढरू आहे, गाढव आहे, कुत्रीही आहेत. घरगुती मांजर मात्र कोठे आढळत नाही. तरी आमच्या बेळगावच्या घरातील मन्या नावाच्या बोक्याने वरील शास्त्रभाग मला जसा उलगडून दाखविला, तसा तो ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमाच्या वर्गातही मला उमगला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या जुलैत एके दिवशी मन्या वारंवार कोपऱ्यात जाऊन लघवीला बसू लागला. कुंथे, पण थेंब पडेना. पोट बिघडले असेल असे समजून मी तो सारा दिवस घालविला. बोक्याची लघवी अडली तर एकदोन दिवसांत त्याचा प्राण जाऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे व सकाळ होण्याची वाट पाहू नये.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हाक मारली. एका हातात बांगड्याचा तुकडा, पाठीमागे तांदळाचे रिकामे पोते. दुखत असतानाही तो आला, कारण त्या हाताने त्याला कधी फसविले नव्हते. मी त्याला मानगुटीला धरून पोत्यात कोंबले आणि स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. वाटभर तो ओरडत होता. माझे दोन्ही हात रक्ताळले होते. डॉक्टरांनी त्याला गुंगीचे इंजेक्शन देऊन नळी घातली, आणि मला आधी नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने हात धुवायला व नंतर रेबीजची लस घ्यायला पाठविले. पोत्याविषयी ते जे बोलले ते येथे लिहीत नाही.

मन्या वाचला. पण घरी आल्यावर कित्येक आठवडे मी खोलीत शिरलो की तो कपाटाखाली जाई. मी त्याचा प्राण वाचविला होता, हे मला ठाऊक. त्याला फक्त पोते ठाऊक.

“पप्पा, तुम्ही त्याला आधी सांगितलं का नाही?” धाकटीने विचारले. मी हसलो. मांजराला काय सांगणार?

त्याच आठवड्यात उपासनेसाठी हा शास्त्रभाग वाचावयास घेतला आणि माझे हसू मावळले. बहिऱ्या माणसाला लोकांनी प्रभूकडे आणले. आपल्याला कोठे नेत आहेत, कशासाठी नेत आहेत, हे त्याला कोणी कसे सांगितले असेल? प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले. त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले. एका शब्दाने बरे करण्याचे सामर्थ्य ज्याला होते, त्याने एवढे सायास कशासाठी केले? मला वाटते, ज्याला ऐकू येत नाही त्याला हातांनी सांगितले. काय दुखते आहे ते मला माहीत आहे, कोठे हात लावणार तेही पाहा, आणि साहाय्य कोठून येणार तेही पाहा. आधी सांगितले, मग बरे केले.

पुढच्या वर्षी मन्याला लस द्यावयाची होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने झाकण सुटे होणारी प्लॅस्टिकची टोपली आणली आणि तीन आठवडे आधीपासून बैठकीत उघडी ठेवली. आत सौ.चे जुने लुगडे, कधी मासळीचा तुकडा. त्याला कोणी आत ढकलले नाही. दहाव्या दिवशी तो आपण होऊन आत निजला. जाण्याच्या दिवशी वरून टॉवेल टाकला. दवाखान्यात कुत्री होती म्हणून टोपली जमिनीवर न ठेवता मांडीवर घेतली. डॉक्टरांनी वरचे झाकण काढून त्याला खालच्या भागात बसलेलाच तपासले. फारच घाबरणाऱ्या मांजराला ते आधी देण्यासाठी गोळीही लिहून देतात. मात्र आपल्या घरची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, ती त्याला विषासमान आहे. मन्या थरथरला खरा, परंतु ओरबाडले नाही.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. आमच्या मंडळीत एक आजीबाई आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; शस्त्रक्रियेला भितात. गेल्या वर्षी मुलांनी “मावशीकडे जाऊ” म्हणून त्यांना इस्पितळाच्या दारापर्यंत नेले आणि त्या तेथूनच रडत परतल्या. नंतर मी भेटीला गेलो, प्रार्थना केली, आणि भय म्हणजे अविश्वास होय असा त्यांना चांगला अर्धा तास उपदेश केला. मुलांनी पोते आणले होते. मी त्याचे तोंड बांधले.

मागील रविवारी उपासनेनंतर मी त्यांची क्षमा मागितली. त्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिथं आत काय असतं रे बाबा?” येत्या गुरुवारी आम्ही दोघे जाणार आहोत. तपासणी नाही, कागद नाही. बाकावर थोडे बसायचे, पट्टी बांधून बाहेर येणाऱ्यांशी त्यांना बोलायचे असेल तर बोलू द्यायचे, आणि चहा घेऊन घरी यायचे.