गिळलेला शब्द

गेल्या चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्यात माणूस मावत नव्हते. आमराईत चुनखडी वेचून परतताना एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतले. "गुरुजी, मालकिणीला आता बाळंतपण झेपायचं नाही म्हणतात डॉक्टर. अंगात रक्त नाही, म्हणून ऑपरेशनबी सध्या नको म्हणतात. काय करावं?"

कादंबरीत प्रणयाची पाने खुशाल लिहिणारा मी. पण 'निरोध' हा तीन अक्षरांचा शब्द तोंडातून फुटेना. "डॉक्टरांनाच विचारा," म्हणालो आणि गर्दीत सटकलो. नवरात्रात कळले, बाईंना पुन्हा दिवस गेले आहेत.

मी पाळली ती मर्यादा, की नुसता भित्रेपणा?

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनात काढले तेही त्याच साली! या पायी कर्व्यांची गणिताची प्राध्यापकी गेली. तरी १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. १९३४ साली अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, मासिक मात्र निघत राहिले. १९६८ साली सरकारनेच 'निरोध' पंधरा पैशांना तीन विकायला काढला. आम्ही पोरे पुढे त्याचेच फुगे करून उडवत असू आणि मोठी माणसे तोंड फिरवून हसत.

वस्तू म्हणाल तर रबराचे पातळ आवरण. पुरुषाचे बीज ते गर्भाशयापर्यंत पोचू देत नाही. एचआयव्ही, परमा यांचे जंतूही बव्हंशी अडवते. दर वेळी नीट वापरले तर वर्षात शंभर जोडप्यांपैकी दोनएक ठिकाणीच गर्भ राहतो. हयगय झाली की तेराएक ठिकाणी. गोळी, तांबी गर्भ टाळतात, रोग टाळत नाहीत. शिवाय दोन्ही बाईच्याच अंगावर. टाके तिला, चक्कर तिला आणि नवऱ्याने बाहेरून आणलेला रोगही तिलाच. पुरुषाने स्वतः करायचे असे उपाय दोनच: नसबंदी आणि हा. नेमकी तिथेच आम्हांला लाज आठवते. त्या दिवशी लाजलो मी. नऊ महिने मोजते आहे ती.

भाऊबीज झाली की त्यांच्या घरी जाणार आहे. बाळंतपण तालुक्याला नको, जिल्ह्याच्या दवाखान्यात करा, हे आधी सांगायचे. मग तो राहिलेला शब्द. बाई चहा घेऊन येतील, तेव्हा त्यांनाही बसा म्हणेन.