आलं तसं पाठवलं

तो फोटो तुमच्याकडेही आलाच असेल. खांद्यावर चादरींचा गठ्ठा घेतलेला माणूस आणि खाली लाल अक्षरांत ‘सावधान, मुलं पळवणारी टोळी’. माणूस खरोखरच चादरी विकणारा निघाला, पोलिसांचा खुलासा आला, तो मार खायच्या आधी वाचला. माझा राग त्यानंतर जे झालं त्यावर आहे. ज्या शिकल्यासवरल्या, नातवंडं असलेल्या माणसांनी तो फोटो गावभर केला, त्यांच्यापैकी माझ्या ओळखीच्या एकानेही खुलासा पुढे पाठवला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘अहो, मी फक्त फॉरवर्ड केलं.’ आणि पुढे ते जोडलेल्या हातांचं चित्र. त्या चित्राबद्दल माझं मत जुन्या वाचकांना माहीत आहे. माफी मागायची तर शब्दांत मागावी.

‘काळजीपोटी पाठवलं’, ‘खरं असतं तर?’ हीही उत्तरं आली. त्यांत निदान मुलांची काळजी तरी आहे, म्हणून तूर्त ती बाजूला ठेवू. ‘फक्त फॉरवर्ड’मध्ये तेवढंही नाही. त्यात बोलणारा स्वतःलाच वाक्यातून पुसून टाकतो.

फॉरवर्ड हा शब्द आपल्याकडे काही फोनबरोबर आला नाही. चार पुरुषांत मान वर करून बोलणाऱ्या मुलीला आमच्या वाड्यात ‘फार फॉरवर्ड हो ती’ म्हणत. म्हणणाऱ्यांना ते दूषण वाटे, पण त्या मुलीचं नाव सगळ्यांना माहीत असे आणि ती आपलं बोलणं नाकारत नसे. सुभाषबाबूंनी १९३९ साली काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं आणि आपल्या गटाला फॉरवर्ड ब्लॉक म्हटलं, तेव्हा पुढे कोण निघालंय हे उघड होतं. फुटबॉलमधल्या फॉरवर्डची गोल चुकला की लाखो लोकांसमोर लाज निघते. पुढे जायचं म्हणजे आपला चेहरा घेऊन पुढे जायचं, असाच हा शब्द आपल्या वापरात होता.

कचेरीत तर जास्तच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा बदलीचा अर्ज वर जायचा असला तर आधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर यायचा. मुख्याध्यापक चष्मा लावून तो वाचायचे. एखादी ओळ खटकली तर शिक्षकाला बोलावून घ्यायचे. मग खाली ‘शिफारशीसह अग्रेषित’ असं लिहून सही, गोल शिक्का आणि तारीख. कारकून जावक नोंदवहीत क्रमांक टाकायचा, तोच क्रमांक अर्जाच्या कोपऱ्यावर लाल शाईने यायचा. पुढे कधी त्या अर्जात खोटं निघालं तर शिक्षकाइतकीच विचारणा मुख्याध्यापकांनाही व्हायची. ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ असं म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती, कारण फॉरवर्ड करणं म्हणजेच सही करणं होतं.

एका निवृत्त गृहस्थांनी मला अधिक सभ्य भाषेत समजावलं. म्हणाले, ‘आम्ही काय, नुसते पोस्टमन.’

पोस्टमनच्या वतीने मला बोललंच पाहिजे. पोस्टमन पाकीट फोडत नाही. आतलं वाचून, हे कोपऱ्यावरच्या जोशींनाही कळायला हवं, असं ठरवून त्याच्या नकला काढून आळीभर वाटत नाही. पत्र कोणाला द्यायचं हे त्याच्या मर्जीवर नसतं, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. पत्ता सापडला नाही तर तो पत्र परत पाठवतो, दिसेल त्याच्या गळ्यात मारत नाही. पत्रावर टपाल कचेरीचा शिक्का असतो आणि शिक्क्यात गाव असतं, तारीख असते. तारखेचा माझा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे; तारीख नसलेला कागद मी हातात धरत नाही. त्या फोटोवर गाव नव्हतं, तारीख नव्हती, ‘आजचीच घटना’ एवढंच होतं. असलं ‘आज’ व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं टिकतं. आणि पोस्टमनला ते काम कोणीतरी नेमून दिलेलं आहे, गृहस्थहो. तुम्हाला कोणी नेमलं होतं?

हा फरक आपल्या कायद्यालाही कळतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये दुसऱ्यांचा मजकूर नुसता वाहून नेणाऱ्यांना संरक्षण आहे. त्यासाठी निरोप त्यांनी सुरू केलेला नसावा, तो कोणाला मिळावा हे त्यांनी निवडलेलं नसावं, मजकूर त्यांनी निवडलेला किंवा बदललेला नसावा. आता तुम्ही काय केलंत ते आठवा. आलेल्या शंभर निरोपांतून नेमका तो निवडलात. मग नावांची यादी उघडलीत, ‘सोसायटी’, ‘दहावीची बॅच’, ‘माहेरची मंडळी’ यांच्यावर एकेक हिरवी टिकली उमटवलीत आणि बाणावर बोट ठेवलंत. निवड तुमची, माणसं तुमची, बोट तुमचं. अफवांविषयीच्या कलमातही, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ५०५ आणि आताचं न्याय संहितेचं ३५३, मजकूर करणाऱ्याच्या शेजारीच तो पसरवणाराही बसवलेला आहे.

तमिळ नट आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ साली महिला पत्रकारांविषयीचा एक घाणेरडा मजकूर फेसबुकवर पुढे पाठवला होता. दुसऱ्याचा होता, न वाचता पाठवला, असा त्यांचा बचाव. २०२३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा वकिलांनी सांगितलं की त्या वेळी त्यांनी डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे मजकूर दिसला नाही. न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या विशेष न्यायालयाने एक महिन्याची शिक्षा सुनावली. अक्षर दिसत नव्हतं त्या डोळ्यांना पाठवायचं बटण कसं दिसलं, हा प्रश्न मला अजून छळतो.

पण कायद्यासाठी मी हे लिहीत नाही. १ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे उतरली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलायला गेला आणि मुलं पळवणारे आले असा बोभाटा झाला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना ठार मारलं. त्यांच्यापैकी बहुतेकांची घरं मंगळवेढा तालुक्यात आहेत. जमावातल्या माणसांवर खटला भरता येतो. त्याआधीचे कित्येक दिवस खानदेशात ती अफवा बोटाबोटाने पोचवणारे मात्र आपापल्या घरी जेवत होते, आणि त्यांच्यापैकी प्रत्येक जण ‘फक्त’ फॉरवर्ड करत होता.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची गोष्ट तर प्रत्येक फॉरवर्ड करणाऱ्याला ऐकवावी. मोटारसायकलवर दोघे येतात, गल्लीत खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. ती कराचीतली होती, रोशनी हेल्पलाइन या संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली. मूळ फितीत ते दोघे मागे फिरतात, मूल परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक उघडतात. तो शेवट कोणीतरी कापला. उरलेली फीत ‘आली तशी’ पुढे गेली आणि आपल्याकडची खरी घटना म्हणून लोकांनी ती पाहिली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, पुन्हापुन्हा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. असे निरोप त्यामुळे ७० टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीनेच सांगितलं. बंदी कुठेच नव्हती. तोच निरोप तुम्ही वीस जणांना पाठवू शकत होतात, फक्त वीसदा बोट हलवावं लागलं असतं. तेवढ्या कष्टाला माणसं कंटाळली. ‘काळजीपोटी’चं उत्तर मघाशी बाजूला ठेवलं होतं, ते आता परत घेतो. पोराच्या काळजीने आई रात्रभर जागते, आणि या लोकांच्याने एकेक नाव निवडणं झालं नाही.

प्रत्येक निरोप तपासत बसा, असं मी कोणाला सांगणार नाही. सकाळची फुलं आणि एकादशीच्या शुभेच्छा खुशाल पाठवा, मला त्या नकोत हा माझा प्रश्न. ज्या मजकुरात एखाद्या माणसाचा चेहरा आहे किंवा एखाद्या जमातीचं नाव आहे, तिथे तरी थांबा. कुठलं, कधीचं, कोणी पाहिलं, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाठवू नका. पाठवलंच असेल आणि खोटं निघालं, तर ज्यांना ज्यांना पाठवलं त्या प्रत्येकाला खुलासाही पाठवा, आपल्या नावाने.

हे सांगून किती जण ऐकतील, याची मला फारशी आशा नाही. म्हणून मी आपला एक शिरस्ता ठेवला आहे. असला फोटो आला की पाठवणाऱ्याला लगेच फोन लावायचा आणि गाव-तारीख विचारायची. पुष्कळ जण फोन उचलत नाहीत. त्या निवृत्त गृहस्थांनी तर मला त्यांच्या ग्रुपमधूनच काढून टाकलं आहे. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.