इंद्रायणीकाठचे तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञानाचा उगम सांगताना इ. स. पू. सहाव्या शतकातील मिलेटसच्या थेलीझचे नाव प्रथम घेण्याचा प्रघात आहे, कारण सर्व वस्तूंचे मूळ एक असून ते देवकथांवाचून विचाराने शोधता येते, अशी भूमिका त्याने घेतली. परंतु सृष्टीच्या आरंभाविषयीची मूलगामी शंका ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तातही आहे, आणि बृहदारण्यक उपनिषदात गार्गी भर सभेत याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न विचारते. मराठी वाचकाला मात्र या शास्त्राची ओळख आळंदी, देहू आणि चाकणच्या टापूतूनही, म्हणजे आज जेथे कारखान्यांच्या पाळ्या अहोरात्र चालतात तेथूनच, करून घेता येते.

ज्ञान कसे होते आणि ते खरे कशावरून मानावे, याचा विचार करणारी शाखा म्हणजे ज्ञानमीमांसा. ज्ञानाच्या साधनांना भारतीय दर्शने प्रमाणे म्हणतात. चाकणच्या कारखान्यातील तपासनीस गेज लावून पार्टचे माप पाहतो ते प्रत्यक्ष, माप हळूहळू सरकते आहे यावरून टूल झिजले असे ठरवतो ते अनुमान, आणि ड्रॉइंगवरील आकडा प्रमाण मानतो ते शब्द.

मुळात अस्तित्वात काय आहे, हा सत्तामीमांसेचा प्रश्न होय. इ. स. 1296 मध्ये आळंदीस समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त या दोन्ही शाखा एकत्र येतात. जग अज्ञानामुळे भासते, या मताची तेथे सातव्या प्रकरणात कसून तपासणी होते. अज्ञान जाणत्यालाच अज्ञानी करून टाकत असेल, तर ‘अज्ञान आहे’ हे जाणायला कोणीच उरत नाही. आणि ते जाणत्याला झाकत नसेल, तर त्याला अज्ञान कशासाठी म्हणायचे? या पेचातून अज्ञानाचे स्वतंत्र अस्तित्व नाकारले जाते आणि जग हा चैतन्याचाच विलास ठरतो. त्यापुढील प्रकरणात, अज्ञानाच्या अपेक्षेने ज्याला ज्ञान म्हणतात तेही टिकत नाही, असे दाखवले आहे. हा ग्रंथ केवळ भक्तिभावाने वाचणे म्हणजे त्यातील युक्तिवादावर अन्याय करणे होय.

युक्तिवादाची शुद्धाशुद्धता तपासणारे ते तर्कशास्त्र. सतराव्या शतकात देहूस येऊन राहिलेल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचा विचार अभंगांत आणला. ब्राह्मण म्हणजे नेमके कोण, जीव, देह, जात, विद्या की कर्म, असे विचारत एकेक पर्याय त्यात बाद केला जातो, आणि अखेरीस ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, असे उत्तर येते. जातीविषयीचा इतका धगधगता प्रश्न एका स्त्रीने तर्काच्या शिस्तीने मराठीत हाताळावा, ही गोष्ट मोठ्या मोलाची आहे.

कलेतील सौंदर्याचा विचार करणाऱ्या सौंदर्यशास्त्राचा येथे केवळ उल्लेख पुरे. नीतिशास्त्राकडे, म्हणजे योग्य कृती कोणती या प्रश्नाकडे, मात्र देहूतच थांबून पाहावे लागते. दुष्काळात सर्वस्व गमावल्यावर तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यातही धाकट्या भावाच्या वाट्याची कागदपत्रे त्यांनी त्याच्या हवाली केली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. न्याय्य येणे सोडून देणे हे कर्तव्य आहे की कर्तव्यापलीकडचे औदार्य, यावर नीतिशास्त्रात मतभेद होऊ शकतील. पण आपल्या त्यागाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे त्या वाटणीतच मान्य केलेले आहे.