अंथरूण आणि पाय

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्या घरांतून आजीपासून नातवापर्यंत सर्वांना पाठ असते. दिवाळीचा खर्च मांडताना तर ती हमखास आठवते. म्हण शहाणपणाची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाय आपलेच आहेत, आणि ते आखडून घेणे आपल्या हाती आहे! पाय दुसऱ्याचे असले, तेही एखाद्या लहान मुलाचे, तर अंथरूण घालणाऱ्याने त्याला काय सांगावे?

हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला तो इंग्लंडातील दोन खटल्यांमुळे. ग्लॉस्टरशायरच्या कौन्सिलने वरून येणारा पैसा घटला म्हणून एका वृद्ध, अपंग गृहस्थांची घर झाडण्याची नि कपडे धुण्याची मदत थांबविली. हाउस ऑफ लॉर्ड्स हे तेव्हा तिकडचे सर्वोच्च न्यायासन. तेथील पाचांपैकी तिघा न्यायाधीशांनी १९९७ साली म्हटले, की माणसाची गरज ठरविताना कौन्सिलने आपली तिजोरी पाहिली तर चालेल. पुढच्याच वर्षी दुसरा खटला आला. ईस्ट ससेक्समधील एक मुलगी आजारामुळे शाळेत जाऊ शकत नव्हती. तिला घरी आठवड्यातून पाच तास शिकविले जाई. पैसा नाही म्हणून त्या पाचांचे तीन झाले. या वेळी त्याच न्यायासनाने उलट कौल दिला. मुलीला योग्य शिक्षण कोणते, हे तिचे वय, तिची कुवत आणि तिची विशेष गरज पाहून ठरवावे. तेथे तिजोरीकडे पाहू लागलो, तर कायद्याने घातलेले कर्तव्य मर्जीची गोष्ट होऊन बसेल.

मला हा दुसरा निर्णय पटतो. डॉक्टर रोग्याच्या खिशात किती पैसे आहेत हे पाहून औषध देईल कदाचित. पण रोग कोणता, हे तो खिसा पाहून सांगू लागला, तर त्याला वैद्य कोण म्हणेल?

त्या देशात १९७० पर्यंत काही मुलांना कायद्यानेच शाळेबाहेर ठेवलेले होते. ती शिकण्याजोगी नाहीत, असा शिक्का त्यांच्यावर बसे. त्या वर्षी झालेल्या कायद्याने तो पुसला. मग १९७८ साली मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा अहवाल आला. या बाई नीतिशास्त्राच्या अभ्यासक. शिक्षणाची उद्दिष्टे सर्व मुलांना एकच आहेत, मदत मात्र ज्याला त्याला वेगळी लागते, हे त्या अहवालाचे सार. त्यावरून १९८१ चा कायदा झाला, आणि २०१४ च्या कायद्याने मुलाच्या गरजांचा व त्याला मिळावयाच्या मदतीचा लेखी आराखडा गरजेप्रमाणे वयाच्या पंचविशीपर्यंत चालू ठेवता येऊ लागला.

हक्क वाढला, पैसा मात्र त्याच्या मागे धापा टाकीत राहिला. जानेवारी २०१५ मध्ये अशा आराखड्यांची मुले सुमारे २ लाख ४० हजार होती, ती जानेवारी २०२५ मध्ये ६ लाख ३८ हजारांवर गेली. आराखडा वीस आठवड्यांत तयार व्हावा असा नियम आहे. २०२४ साली निम्मेसुद्धा वेळेत झाले नाहीत.

येथे कौन्सिलची बाजूही ऐकली पाहिजे. कायदा लंडनला होतो, पैसाही मुख्यतः तेथूनच येतो, आणि दारात उभ्या राहिलेल्या आईला तोंड मात्र कौन्सिलच्या कारकुनाने द्यावयाचे! एका मुलाच्या टॅक्सीला पैसे दिले, तर दुसऱ्याच्या वाचेच्या उपचाराला उरत नाहीत. अशा माणसाला निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याच्या खुर्चीवर बसणे सोपे नाही.

म्हणून मी गरिबीला पाप म्हणत नाही. "आमच्याजवळ नाही" असे म्हणण्यात लाज आहे, पाप नाही. पाप सुरू होते ते पुढच्या वाक्यापासून. "आमच्याजवळ नाही" याऐवजी "तुमच्या मुलाला गरजच नाही" असे लिहिले जाते, तेव्हा आपले दारिद्र्य आपण मुलाच्या खात्यावर चढवितो. असे घडते, याला पुरावा आहे. कौन्सिलविरुद्ध आईबापांनी केलेल्या अपिलांपैकी जी निकालापर्यंत पोहोचली, त्यांतील ९८ टक्क्यांहून अधिक अपिलांत २०२३-२४ साली आईबापांची बाजू पूर्णतः वा अंशतः मान्य झाली. म्हणजे गरज होतीच! मग ज्या आईला रात्रपाळीमुळे अर्ज लिहिता आला नाही, तिच्या मुलाचे काय? हक्क मिळाला तो भांडणाऱ्याला. गप्प बसणाऱ्याला नाही.

आणखी एक गंमत पाहा. कौन्सिलांची ही तूट २०२० पासून मुख्य हिशेबाबाहेर ठेवण्याची मुभा आहे. ती मार्च २०२८ पर्यंत वाढविली गेली. मार्च २०२६ पर्यंत ही तूट ४३० ते ४९० कोटी पौंडांवर जाईल, असा सरकारी लेखापरीक्षकांचा २०२४ मधला अंदाज होता. मुलाच्या कागदावर गरज दिसत नाही, जमाखर्चात कर्ज दिसत नाही. दोन्हीकडे सारे कसे ठीकठाक!

इंग्लंडला हसण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. वाचताना अक्षरे उलटीपालटी होणारे मूलही त्या कायद्याने ओळखले आहे. पण वर्गातले आपले जुने अक्षर सुटत नाही: "ढ". साठ मुलांच्या वर्गात एका मुलाकडे पाहण्यास मास्तरांना सवड नाही, हे खरे असते. पण लिहिले जाते ते "मुलाला येत नाही" असे. सवड नाही ती आमची, आणि शेरा त्याच्या नावावर!

अंथरूण अपुरे असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. मग ते वाढविण्याची खटपट तरी करता येते, आणि त्याचा जाब कोणाला विचारावा हेही कळते. पण मुलाचे पायच आखूड आहेत असे एकदा लिहून टाकले, की नवे अंथरूण विणायला कोणी बसत नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण वही पूजतो. तीत येणे लिहावे तसे देणेही लिहावे, असा जुन्या सचोटीच्या व्यापाऱ्यांचा रिवाज. मुलांचे देणे आज फेडता येत नसेल, तर ते निदान आपल्या नावावर लिहून ठेवावे.