लघवीचं बोलणं

रेडिएशनच्या खोलीबाहेर आम्ही पाच-सहा पुरुष रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या घेऊन बसायचो. प्रोस्टेटवर किरण द्यायचे तर मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर सारतं. गुदाशयात वायू साचला तर ग्रंथी जागची हलते. आठवड्याचे पाच दिवस, असे चार आठवडे. यंत्राखाली काही मिनिटंच जायची. त्याआधी पाणी पिऊन धरून बसायचं, आणि नंबर लांबला की घाम फुटायचा. तिसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "आज पोट साफ झालं नाही हो. परत पाठवणार." कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. याच गृहस्थांनी निदानानंतर दोन महिने बायकोला 'लघवीचा जरा त्रास आहे' एवढंच सांगितलं होतं.

कोशात या अवयवाला 'पुरःस्थ ग्रंथी' म्हणतात, पण घरात बोलताना त्याला नावच नाही. 'खालचं दुखणं', 'वयोमानाने होतंच' यावर विषय मिटतो. (रात्री चारदा उठावं लागतं ते बहुतेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे. कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच जाणवू देत नाही.)

ही लाज आपल्यापुरती नाही. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर २२ डिसेंबर २०२३ रोजी प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, गुंतागुंत होऊन १ जानेवारीला ते पुन्हा दाखल झाले, आणि त्यांना कॅन्सर असल्याचं अध्यक्ष बायडन यांना कळलं ९ जानेवारीला! नेल्सन मंडेलांनी मात्र २००१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, आपला आजार लपवला नाही. त्यांनी सात आठवडे रेडिएशन घेतलं आणि पुढे बारा वर्षं जगले.

गप्प राहिल्याने नेमकं काय बिघडतं? ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात, कॅन्सर ग्रंथीबाहेर न गेलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नियमित तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले सुमारे तीन टक्केच. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत तो पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, शस्त्रक्रियेनंतर लघवी गळण्याचं आणि ताठरता जाण्याचं, तर रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारींचं. म्हणजे अशा रुग्णाला निवड करायची असते ती याच गोष्टींत, ज्यांचा उच्चार तो डॉक्टरांसमोरही करत नाही. मग मुलगा ठरवतो, नाहीतर शेजारी. आपल्याकडे अनेकांचं निदान हाडं दुखायला लागल्यावर होतं. त्यांच्या वाट्याला ही निवडही येत नाही.

मी रेडिएशन निवडलं. 'आणि आमचं नवरा-बायकोचं काय?' हा प्रश्न डॉक्टरांना माझ्या बायकोने विचारला. मी खाली बघत होतो.

सोबत हार्मोनची इंजेक्शनं होती. टेस्टोस्टेरॉन या कॅन्सरला पोसतं, म्हणून ते खाली आणतात. एका रात्री सर्वांगाची लाही होऊन, घामाने भिजून उठलो. काही सांगायच्या आतच तिने पंखा वाढवला, ओला टॉवेल आणून मानेवर ठेवला. "दोन-चार मिनिटं राहतं," ती म्हणाली, "मग थंडी वाजते. चादर जवळ ठेव." दहा वर्षांपूर्वी, पाळी जाताना, तिच्या अशा कितीतरी रात्री गेल्या होत्या. तेव्हा पंख्याचा गारवा सोसत नाही म्हणून मी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला जात असे.