पायऱ्या गाळलेलं गणित

फोनवर तू घरमालकाला शिव्या घालत होतास, तोवर मी गप्प बसले. आता तू गप्प बसायचं. मध्येच ‘पण बाई’ चालणार नाही.

तू नानजिंगमध्ये आठवीला गणित शिकवतोस. उत्तर बरोबर असलं तरी मधल्या पायऱ्या गाळल्या की मुलांचे गुण कापतोस. छान. ती सवय मीच लावली तुला. आणि वर्षभरासाठी घर घेताना याच गणिताच्या मास्तरांनी एकही पायरी लिहिली नाही! सात पानांचा चिनी करार, खाली सही, सहीशेजारी लाल शाईत बोटाचा ठसा, आणि वाचलं काय? भाड्याचा आकडा तेवढा. “एजंट म्हणाला, नेहमीचाच फॉर्म आहे.” अरे, तू सही केल्यावर त्याची दलाली सुटणार. तो तुला थांबवेल कशाला?

इंग्रजी प्रत होती म्हणतोस. वाद झाला तर चिनी मजकूर ग्राह्य धरला जाईल, हे त्या इंग्रजी प्रतीतच छापलेलं आहे. मी वाचलं, तू नाही. शाळेच्या ऑफिसात एक बाई आहेत, चांगलं इंग्रजी बोलतात, हे तूच मला सांगितलं होतंस. त्यांच्यापुढे कागद का ठेवला नाहीस? “उगाच त्यांना त्रास कशाला!” तुझी सगळी गोम इथे आहे. विचारायची लाज. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तुझे गहू तर भर बाजारात भिजले.

आता पहिली पायरी बघ. तू ज्याला घरमालक म्हणतोस तो मालकच आहे, हे कशावरून? त्याच्याकडे चाव्या होत्या म्हणून? चाव्या तर एजंटकडेही असतात. लाल मुखपृष्ठाचा मालकीचा दाखला मागायचा, त्यावरचं नाव त्याच्या ओळखपत्राशी ताडायचं आणि भाडं ज्या खात्यात जाणार तेही त्याच नावाचं आहे ना, हे बघायचं. दहा मिनिटांचं काम. चीनमधल्या शहरांत मालकाकडून घर घेऊन पुढे भाड्याने देणारे मधले लोक कमी नाहीत, आणि मूळ मालकाची संमती नसेल तर तुझा करार हवेत. २०२० साली दानके नावाच्या कंपनीचं काय झालं ते शोधून वाच. मालकांकडून घरं घ्यायची, तरुण भाडेकरूंकडून वर्षाचं भाडं आगाऊ उचलायचं, पुष्कळांना त्यासाठी कर्ज काढायला लावायचं आणि मालकांना मात्र थोडे थोडे पैसे द्यायचे. जानेवारीत न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली आणि वर्ष सरता सरता पैसा आटला. पैसे न मिळालेले मालक दारात येऊन उभे राहिले. आत राहणाऱ्यांनी भाडं भरलेलं होतं, तरी “घर खाली करा.” वर कर्जाचा हप्ता डोक्यावर. ती मुलं-मुली चिनीच होती, करार वाचू शकत होती. तुला तर तेही येत नाही.

पोलिसांकडची नोंद. याचा तर मला संताप आहे. हॉटेलात उतरलास तेव्हा हॉटेलने तुझी नोंद केली. तिथून भाड्याच्या घरात गेलास की २४ तासांच्या आत भागातल्या पोलीस चौकीत ती तूच करायची असते. २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यातच तसं आहे, आणि चुकलं तर २००० युआनपर्यंत दंड. तू तिसऱ्या आठवड्यात गेलास, तेही शाळेने हाकलल्यावर. का? तर “घरमालक म्हणाला, गरज नाही.” अरे, त्याला गरज नाहीच! भाड्याची सरकारदरबारी नोंद झाली की कराचा प्रश्न येतो, म्हणून असे मालक काखा वर करतात. गरज तुला होती. देशात पाऊल टाकल्यापासून ३० दिवसांत निवासी परवान्याचा अर्ज, अर्जाला पोलिसांची पावती, पावतीला मालकाची कागदपत्रं. या साखळीतली एक कडी निसटली की तुझी नोकरी लटकली. तेव्हा ‘नोंदणी करून देणार का?’ हा प्रश्न घर बघायला जायच्या आधी विचारायचा. नाही म्हणाला तर घर बघायलाही जायचं नाही, मग बाल्कनीतून पर्पल माउंटन दिसो नाहीतर स्वर्ग.

तुझ्या बाबांनी पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला, आठवतंय? अकरा महिन्यांचा करार, रीतसर नोंदणी, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात, आणि त्या बिचाऱ्या मुलाकडून नळांच्या तोट्यासुद्धा मोजून लिहून घेतल्या होत्या. तेव्हा तूच म्हणालास, “बाबा फार काटेकोर.” त्या काटेकोरपणाचा शतांश तरी उचलायचास.

फापियावचंही तेच. शाळा घरभत्ता देते आणि भाड्याची ती सरकारी पावती दिलीस तर परदेशी कर्मचाऱ्याच्या त्या भत्त्यावर कर लागत नाही. ही सवलत २०२७ अखेरपर्यंत आहे. “पावती हवी तर भाडं वाढेल” असं मालक म्हणाला आणि तू मान डोलावलीस. वाढ किती, कर किती वाचतो, ही वजाबाकी तुझ्या आठवीतल्या पोरांनीही केली असती.

आता घर. घर बघितलंस ऑक्टोबरात. हवा सुखद, गल्लीभर ऑस्मॅन्थसच्या फुलांचा वास, आणि स्वस्तात मिळतंय म्हणून तू खूश. स्वस्त का, हे विचारलंस? सहावा मजला, लिफ्ट नाही, झोपायची खोली उत्तरेकडची. तिकडचा माणूस घर बघताना आधी दक्षिण विचारतो, ती हौस म्हणून नाही, हिवाळ्यातल्या उन्हासाठी. छिनलिंग पर्वत आणि हुआय नदीच्या रेषेच्या उत्तरेला हिवाळ्यात सरकारी व्यवस्थेतून घरं तापवतात. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. नानजिंग त्या रेषेच्या दक्षिणेला, म्हणजे तुमचं तुम्ही बघा. दोन गोधड्यांत कुडकुडलास, आणि स्वयंपाकघरात गॅसचा गिझर चालू असताना थंडी येते म्हणून खिडकी घट्ट लावून बसलास! त्या गिझरचा धूर बाहेर नेणारी नळी शाबूत आहे का, हे तरी बघायचंस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे विज्ञानाच्या तासाला मी शिकवलं होतं.

आणि आता जूनमधला मेइयू, म्हणजे आठवडेच्या आठवडे रिपरिप. उत्तरेकडच्या भिंतीला कपाटामागे बुरशी आली. मालक म्हणतो, तुझ्यामुळे आली, डिपॉझिटमधून कापणार. ती ऑक्टोबरात तिथे होती की नव्हती? तुला माहीत नाही, कारण तू कपाट हलवलंच नाहीस. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक भिंत, गादीची खालची बाजू, वॉशिंग मशीनच्या दारातलं रबर, पाणी-वीज-गॅसच्या मीटरचे आकडे, सगळ्याचं चित्रण करून त्याच दिवशी वीचॅटवर मालकाला पाठवायचं. करारात शेवटचं पान सामानाच्या यादीचं असतं. तुझं कोरं आहे. तिथे साधारणपणे एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं देतात, तू दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलंस. ते परत कधी आणि कशासाठी कापायचं, हे करारात लिहिलंच पाहिजे, असा नियम १५ सप्टेंबर २०२५ पासून आहे. तुझ्या सहीच्याही आधीपासून.

मालकाला राक्षस ठरवू नकोस, हेही सांगते. डोक्यावर एवढा मोठा धूर ओढणारा पंखा बसवून दिलेला, आणि आवाज होतो म्हणून तो न लावता तू इतके महिने मोहरीची फोडणी देत राहिलास. त्या टाइल्सवरच्या तेलकट थराचे पैसे त्याने मागितले तर निमूट दे.

आणि घासाघीस करताना त्याला डॉ. कोटणीसांचं नाव सांगितलंस? “मी त्यांच्या सोलापूरचा” म्हणून? लाज वाटली पाहिजे. तो माणूस १९३८ साली चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. दोनशे युआन कमी करून घ्यायला ते नाव नाही.

आणि कडेलोट म्हणजे परवाचं. “घर विकलंय, पंधरा दिवसांत निघ” असा निरोप आला आणि तू बॅगा भरायला घेतल्यास! अरे, १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या तिथल्या नागरी संहितेचं ७२५ वं कलम सांगतं की घर विकलं तरी चालू भाडेकरार मोडत नाही. नवा मालक तुझ्यासकट घर घेतो. तुझा करार ऑक्टोबरपर्यंत आहे.

तेव्हा बॅगा उघड. मालकाला फोन करू नकोस, लिही. नवा मालक कोण, माझं डिपॉझिट कोणाकडे गेलं, यापुढचं भाडं कोणाला द्यायचं. लवकर जायला तुझी ना नसेल, तर उरलेलं भाडं, डिपॉझिट आणि सामान हलवायचा खर्च, तिन्ही लेखी ठरल्याशिवाय चावी द्यायची नाही. उत्तर आलं नाही तर १२३४५ वर तक्रार नोंदव. ऑफिसातल्या त्या बाईंना शेजारी बसवून लाव फोन. आधी त्यांना नीट विचार, वेळ आहे का म्हणून. आणि सुरुवात ‘सॉरी’ने करू नकोस.