पक्की नोकरी सोडावी का?

वाडीतून बाहेर पडून आपल्या वसईतल्या मागच्या पिढ्यांनी मुंबईची नोकरी धरली. त्यांना सर्वांत मोठा दिलासा वाटला तो पगाराच्या ठरलेल्या तारखेचा. वादळात केळी आडवी होत, दादरच्या बाजारात फुलांचा भाव एका सकाळीत कोसळे. पगार मात्र भर पावसाळ्यातही येई. म्हणूनच सोयरीक जुळवताना ‘नोकरी पक्की आहे ना?’ हा प्रश्न आपण अजूनही आधी विचारतो.

आता कित्येक घरांत वेगळेच ऐकू येते. दहा-पंधरा वर्षे एका कंपनीत काढलेला इंजिनिअर राजीनामा देतो आणि स्वतंत्रपणे कामे घेऊ लागतो. या महिन्यात नैरोबीला यंत्र बसवायचे, पुढच्या महिन्यात व्हिएतनामला दुसरे चालू करून द्यायचे. मोबदला दिवसाच्या हिशेबाने. कोणी कॅमेरामन असतो, कोणी दुभाषा, कोणी परदेशी सहली घेऊन जाणारा. घरात लगेच दोन तट पडतात. तरुण म्हणतात, धाडस केले. वडीलधारे म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागला.

आम्हाला वाटते, धाडस की वेडेपणा, एवढ्यापुरता हा वाद नाही. खरा नैतिक प्रश्न असा आहे : नोकरी सोडल्यावर येणारी अनिश्चितता कोणाच्या खांद्यावर पडते?

पगार म्हणजे केवळ हातात येणारी रक्कम नव्हे. प्रॉव्हिडंट फंडात सर्वसाधारणपणे १२ टक्के आपले जातात, तर तेवढीच भर मालक घालतो. आजारपणाची रजा, ग्रॅच्युइटी, पुष्कळ ठिकाणी घरच्यांचा वैद्यकीय विमा, हे सारे त्याच पगाराचे न दिसणारे भाग आहेत. या भरवशावर घराचे कर्ज घेतलेले असते, मुलांच्या शाळा ठरलेल्या असतात, आईच्या औषधांची सोय लागलेली असते. नोकरी एकाची असली तरी तिच्यावर उभे असलेले घर सर्वांचे असते.

स्वतंत्र काम करणाऱ्याला हे सारे स्वतःच्या कमाईतून उभारावे लागते. कमाईचे दिवसही हाती राहत नाहीत. व्हिसासाठी पासपोर्ट जमा केला की तो परत येईपर्यंत दुसऱ्या देशाचे काम सहसा घेता येत नाही. युरोपातील २९ शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. बिल पाठवले तरी पैसे कधी येतील याची खात्री नसते. अशा वेळी पर्यटक म्हणून जाऊन गुपचूप काम उरकण्याचा मोह होतो. तो सरळ खोटेपणा आहे, आणि पकडले गेल्यावर त्याची झळ घरालाही लागते.

मार्च २०२० मध्ये भारतातून होणारी आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली. नियमित उड्डाणे पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. विमानावर ज्यांची मिळकत अवलंबून होती, त्यांची चूल त्या काळात कोणी पेटती ठेवली? कुठे बायकोच्या शाळेतल्या पगाराने, कुठे वडिलांच्या पेन्शनने. ज्याला आपण ‘स्वतंत्र झाला’ म्हणतो, त्याचे स्वातंत्र्य पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी पक्क्या नोकरीवर उभे असते.

‘फ्रीलान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ च्या अखेरीस निघालेल्या कादंबरीतून रूढ झाला. कोणत्याही एका सरदाराशी न बांधलेले, मोल घेऊन लढणारे भालाईत म्हणजे ‘फ्री लान्स’. त्यांना धनी नव्हता. पण धनी नाही म्हणजे कोणाचे देणे नाही, असे होत नाही. संत पौलही देशोदेशी फिरला आणि करिंथ येथे तंबू शिवून पोट भरले. आपला भार कोणावर पडू नये, हा त्याचा त्यामागचा आग्रह होता.

म्हणून नोकरी सोडणे चूकच, असे आम्ही म्हणत नाही. ‘पक्की’ या शब्दाचीही परीक्षा घ्यावी लागते. मुंबईच्या गिरण्यांतली नोकरी एकेकाळी पक्कीच समजली जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतल्या हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. आणि एखादी नोकरी माणसाला रोज खोटे बोलायला लावत असेल, आतून पोखरत असेल, तर केवळ पेन्शनसाठी त्याला तिथे डांबून ठेवण्याचा हक्क घरच्यांनाही नाही. भीतीला ‘काळजी’ असे नाव देऊन आपण कित्येकांचे पाय बांधले आहेत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नोकरीत सुटी कंपनी देते. स्वतंत्र कामात प्रत्येक सुटी म्हणजे बुडालेली कमाई. ‘पुरे’ म्हणणारा साहेब उरत नाही, आणि स्वतःला ‘पुरे’ म्हणणे सर्वांत अवघड. साहेबाच्या जाचातून सुटलेला माणूस फोनच्या ताब्यात जातो. शेजारच्या मयतीला, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला, आईच्या ऑपरेशनला तो विमानतळावरूनच हजेरी लावतो.

तेव्हा राजीनामा लिहिण्याआधी तीन प्रश्न घरात बसून सोडवावेत. एकही काम मिळाले नाही तर घर किती महिने चालेल? वर्षातले कोणते दिवस कितीही पैसे मिळाले तरी विकायचे नाहीत? आणि जी व्यक्ती मागे राहून म्हातारे, मुले, गळणारे छप्पर सांभाळणार आहे, तिने मनापासून होकार दिला आहे, की ती नुसती गप्प बसली आहे?

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत जड वाटतो. तिची चुप्पी होकार धरून चालणे सोपे असते. तिने ‘आणखी एक वर्ष थांब’ म्हटले तर थांबावे. तिने ‘जा’ म्हटले, तर परतल्यावर तिच्याही कामाची पाळी आपण घ्यावी. ओझे असे वाटून घेतले, तर मिळणारे स्वातंत्र्य एकट्याचे राहणार नाही.